विजेचीही शेजपाळी हवी

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास शेजपाळी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. चारीवर कोणाची पाळी कोणत्या वारी, किती तास, आधी शेपटाची की मुखाची, हे सर्व ठरलेले असते. आणि त्यात कोणी लबाडी केली तर ती चार जणांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने बागायत करणाऱ्या गावांनी तर कित्येक पिढ्यांपूर्वीच पाटकरी आणि जागले नेमून पाण्याची वाटणी स्वतःच्या हाती घेतली होती. पाणी थोडे, वाट एक आणि घेणारे अनेक, अशी स्थिती असली की नियम लागतो, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

मात्र ज्या विजेच्या बळावर विहिरीचे पाणी वर येते, तिच्या बाबतीत हेच शहाणपण आपण बाजूस ठेविले आहे. तीही थोडीच आहे, तिचीही वाट एकच आहे आणि घेणारे अनेक आहेत. परंतु वीज आली की प्रत्येकाने आपला पंप तत्काळ सुरू करावा, एवढाच काय तो नियम. हा नियम बदलावा, आणि तो बदलण्याचे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत कसे झाले, ते सांगतो.

गेल्या काही वर्षांतील एका रब्बी हंगामात मी कांद्याच्या पिकाची पाहणी करण्यास एका गावी गेलो होतो. माझ्या वहीत करपा आणि फुलकिडे यांच्या नोंदी चालल्या होत्या. वाहिनीच्या अगदी टोकाला ज्याचे शेत होते तो वयस्क शेतकरी बराच वेळ ऐकून घेत होता. मग म्हणाला, “साहेब, औषध सांगाल ते मारतो. पण आधी मोटार जळणार नाही असं काही सांगा.” त्याची मोटार त्या हंगामात दोनदा जळली होती. दुसऱ्या वेळी ती भरून येईपर्यंत कांद्याच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या, आणि ते नुकसान कोणत्याही फवारणीने भरून निघण्यासारखे नव्हते. मी कृषी पदवीधर. विजेचे शास्त्र माझे नव्हे. तरीही त्या दिवशी आम्ही तिघे-चौघे चालत रोहित्रापर्यंत, म्हणजे गावात ज्यास डीपी म्हणतात तेथपर्यंत गेलो आणि वाटेत प्रत्येक खांबापाशी कोणाचा पंप जोडला आहे, ते लिहून घेतले. रात्री मुक्कामी बसून त्या कागदावर जे गणित केले, ते पाचवीच्या मुलालाही करता येईल असे आहे.

एका तारेने टोकाच्या सहा पंपांना वीज जाते असे धरू. गणित सोपे व्हावे म्हणून सहाही पंप रोहित्रापासून एक किलोमीटरवर, एकाच ठिकाणी आहेत असे समजावे. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने चालताना सुमारे ८ अँपिअर प्रवाह ओढतो. शेतीच्या वाहिन्यांवर नेहमी दिसणारी जी मध्यम जाडीची अॅल्युमिनियमची तार, तिचा रोध एका किलोमीटरला साधारण १ ओहम धरण्यास हरकत नाही. (या तारांना विजेच्या धंद्यात प्राण्यांची नावे आहेत. सर्वांत बारीक ती स्क्विरल म्हणजे खार, मग वीझल, मग रॅबिट म्हणजे ससा. वायरमनच्या तोंडी ही नावे ऐकून मी प्रथम चकित झालो होतो.)

आता तारेत जी वीज उष्णता होऊन वाया जाते, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. प्रवाह दुप्पट झाला तर गळती दुप्पट नव्हे, चौपट होते. सारे मर्म या एका वाक्यात आहे. सहा पंप एकदम चालले तर तारेतून ४८ अँपिअर जातात. ४८ चा वर्ग २,३०४. तीन तारा म्हणून तिप्पट केल्यास सुमारे ६,९०० वॅट. सहा पंपांना मिळून लागतात सुमारे २८ किलोवॅट आणि वाटेत जळतात जवळजवळ ७. चार तास पंप चालविले तर वाया गेलेली वीज सुमारे २८ युनिट.

हेच सहा पंप तीन-तीनच्या दोन पाळ्यांनी, चार-चार तास चालविले तर काय होईल? तारेतून एका वेळी २४ अँपिअर जातील. २४ चा वर्ग ५७६, तिप्पट केल्यास सुमारे १,७०० वॅट. आठ तासांची एकूण गळती १४ युनिट. प्रत्येक पंप चार तासच चालला, प्रत्येकाने आपले पाणी उपसले, आणि गळती निम्म्यावर आली. तार बदलली नाही, रोहित्र बदलले नाही, एक पैसाही खर्च झाला नाही.

गळतीपेक्षाही शेतकऱ्यास जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे टोकाचा दाब. रोहित्रापाशी ४१५ व्होल्ट असले तरी सहा पंप एकदम चालले असता, वरच्याच तारेवर, टोकाला सुमारे ३३० उरतात. दाब कमी झाला की मोटार आपले काम उरकण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, त्यामुळे तारेतील घट आणखी वाढते, आणि हे चक्र मोटारीचे वेष्टन तापून जळेपर्यंत चालते. त्या शेतकऱ्याची मोटार अशी जळली होती. भरणाऱ्या कारागिराने तांबे हलके वापरले असा त्याचा ग्रह होता; तो कदाचित खराही असेल, पण खरे कारण त्याच्या शेतात नव्हतेच, ते एक किलोमीटर अलीकडच्या पाच पंपांत होते.

तीन-तीन पंपांची पाळी धरल्यास टोकाला सुमारे ३७३ व्होल्ट मिळतात. ३३० पेक्षा हे पुष्कळ बरे. परंतु कमी दाबाच्या वाहिनीवर ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक फरक असू नये, असा दंडक आहे. म्हणजे किमान ३९० व्होल्ट मिळावयास हवेत. ते मिळविण्यासाठी दोन-दोन पंप चालवावेत असे कोणी म्हणेल. तसे केले तर दाब ३८७ पर्यंत चढतो खरा. पण सहा पंपांना चार-चार तास देण्यास तीन पाळ्या, म्हणजे बारा तास लागतील, आणि वीज तर आठच तास आहे. सबब हे उत्तर गणितात बसत नाही.

एखादी गोष्ट कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करावयाची, हाताशी काही गोष्टी बदलता येण्याजोग्या, आणि भोवती काही मर्यादा ज्या ओलांडता येत नाहीत. यातून सर्वांत चांगला मार्ग शोधणे, यालाच गणितज्ञ इष्टतमीकरण म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम ओळखीचे आहे. पाच एकर जमीन, एका विहिरीचे पाणी, घरची दोन माणसे, यांत किती कांदा, किती हरभरा आणि किती गुरांचा चारा, हा हिशेब प्रत्येक कुणबी दर दसऱ्याला करतो. कृषी महाविद्यालयात आम्हांस त्याचेच शास्त्र रेषीय नियोजन या नावाने शिकविले. अमेरिकेतील डान्त्सिग यांनी १९४७ साली त्याची सोडवणुकीची रीत दिली. विजेचे गणित त्याहून अवघड एवढ्याचसाठी की त्यात वर्ग येतो. दुप्पट पिकास दुप्पट पाणी, हा सरळ हिशेब. दुप्पट प्रवाहास चौपट गळती, हा वाकडा.

हा वाकडेपणा एकदा ध्यानात आला की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. कालव्याची शेजपाळी विजेला जशीच्या तशी लावून चालत नाही. पाण्याच्या पाळीत शेपटाकडची शेते लागोपाठ भिजवितात आणि मग मुखाकडे सरकतात, कारण चारी जितका वेळ ओली राहील तितके पाणी मुरते. शेजारचे शेजारी एकत्र असणे तेथे हिताचे. विजेत उलट आहे. समजा एका तारेवर अर्ध्या किलोमीटरवर दोन पंप आहेत आणि एक किलोमीटरवर दोन. जवळचे दोन एका पाळीत आणि टोकाचे दोन दुसऱ्या पाळीत लावले तर दोन्ही पाळ्यांची मिळून गळती, वरच्याच आकड्यांनी, ३८४ आणि ७६८, म्हणजे १,१५२ वॅट येते. याऐवजी प्रत्येक पाळीत एक जवळचा आणि एक टोकाचा असे जोडपे केले तर दर पाळीस ४८०, दोन्ही मिळून ९६०. शिवाय टोकाच्या पंपास पहिल्या रीतीत जेवढी दाबाची घट सोसावी लागते, तिच्या पाऊणपटच दुसऱ्या रीतीत सोसावी लागते. तेव्हा विजेची पाळी शेजाऱ्याशी नव्हे, तर लांबच्याशी जोडून धरावी. भाऊबंदकीमुळे शेजाऱ्याशी ज्यांचे पटत नाही, अशांच्या हे पथ्यावरच पडेल!

आता कपॅसिटरविषयी. या विषयावर आजवर इतक्या पत्रिका छापल्या गेल्या आहेत की शेतकऱ्यांस तो शब्द ऐकूनच कंटाळा यावा. तथापि बहुतेक पत्रिकांत तो बसवा एवढेच सांगितलेले असते, का ते सांगितलेले नसते. मोटारीला आपले चुंबकत्व राखण्यासाठी काही प्रवाह लागतो. तो पाणी उपसण्याचे काम करीत नाही, केवळ तारेतून जातो आणि येतो. पण बाजाराच्या दिवशी रिकाम्या गाडीनेही रस्ता तितकाच अडतो, तशी याची गोष्ट आहे. पाच अश्वशक्तीच्या मोटारीपाशी २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर बसविला की ही ये-जा मोटारीच्या दारातच पुष्कळशी भागते आणि तारेतील प्रवाह सुमारे ८ वरून ६.८ अँपिअरवर येतो. प्रवाहात सहावा हिस्सा घट, पण वर्गाच्या नियमाने गळतीत जवळपास तिसरा हिस्सा घट. वरच्या उदाहरणातील १४ युनिट या उपायाने १० वर येतात. साडेसात अश्वशक्तीस ३ आणि दहा अश्वशक्तीस ४ केव्हीएआर, असे साधारण प्रमाण आहे. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूस, जाणत्या वायरमनकडून जोडून घ्यावा, म्हणजे मोटार बंद होताच तोही बंद होईल. एक खंत मात्र नोंदविली पाहिजे. ज्याने कपॅसिटर बसविला त्याच्या विहिरीवर त्याचा लाभ थोडाच दिसतो. खरा लाभ त्याच्या पुढच्या-मागच्या सर्वांस होतो. म्हणून एकट्याने बसवा असे सांगून तो बसत नाही. एका डीपीवरील सर्वांनी एकाच दिवशी बसविला तरच बसतो.

याच्या अगदी उलट उपकरण म्हणजे ऑटो. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी ही पेटी रात्रीची पायपीट वाचविण्यासाठी शेतकऱ्याने लावली. तीत त्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. अंधारात बांधावरून जाणे म्हणजे साप-विंचवाशी गाठ, आणि अशा फेरीत माणसे दगावल्याच्या हकिगती कोणत्याही तालुक्यात ऐकावयास मिळतात. परंतु तिचा परिणाम पाहा. सरळ सुरू होणारी मोटार सुरुवातीच्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ६३ केव्हीएचे रोहित्र ८४ अँपिअर पेलते. म्हणजे पाच अश्वशक्तीचे दहा पंप, कपॅसिटरसह बारा. त्यावर दहाच ऑटो असले तरी वीज येण्याच्या क्षणी चारशे-पाचशे अँपिअरचा धक्का बसतो. फ्यूज उडतो. मग कोणी तरी त्या जागी जाड तार गुंडाळतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी रोहित्रच जाते. ऐन रब्बीत रोहित्र जळाले की मुख आणि शेपूट हा भेद उरत नाही, सगळेच कोरडे. पाळीला जवळचे शेतकरी का तयार होतील, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी उत्तर हेच आहे.

त्या गावात आम्ही पाळी लावून पाहिली. कागदावर जोड्या पाडल्या, ऑटो काढून ठेविले, आणि एका तरुणाने घड्याळ सांभाळण्याचे मान्य केले. गावकरी त्यास थट्टेने विजेचा पाटकरी म्हणू लागले. साधारण दीड महिना पाळी चालली आणि त्या अवधीत त्या तारेवर एकही मोटार जळली नाही. मग वाहिनीचा पुरवठा रात्रीच्या वेळेत गेला. रात्री दोन वाजता उठून आपली पाळी सुरू करावयाची आणि शेजाऱ्याने आपली बंद केली की नाही ते पाहावयाचे, हे कोणाकडूनही होईना. आठवड्याभरात ऑटो पुन्हा जागेवर आले. मी त्यांस बोल लावला नाही. दिवसाची वीज ही या साऱ्या व्यवस्थेची पहिली अट आहे, हे मी तेथे शिकलो.

या दृष्टीने सौर वाहिन्यांचे महत्त्व मला फार वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली जाहीर झाली, राळेगणसिद्धी येथे तिचा आरंभीचा प्रकल्प झाला, आणि २०२३ साली ती अधिक मोठ्या प्रमाणावर, दुसऱ्या रूपात हाती घेण्यात आली. उपकेंद्राजवळ सूर्यप्रकाशापासून वीज तयार करून ती शेतीच्या वाहिन्यांस दिवसा द्यावयाची, असा तिचा आशय आहे. ज्या वाहिन्या तिच्यावर आल्या, तेथे रात्रीची पायपीट संपली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिने तारेचे गणित आपोआप सुटत नाही. उपकेंद्रापाशी वीज कोठूनही आली, तरी तेथून पुढे आपल्या विहिरीपर्यंतची तार तीच आहे आणि वर्गाचा नियमही तोच आहे. किंबहुना सूर्याची वीज दुपारी अधिक आणि सकाळ-संध्याकाळ कमी असते, म्हणून कोणत्या तासाला किती पंप, हा प्रश्न आता अधिक नेमका झाला आहे. पावसाळ्यात पंप बंद असताना ही वीज वाहिनीवरून उलट उपकेंद्राकडे वाहू लागते, तेव्हा दाब कमी होण्याऐवजी वाढण्याची चिंता वितरणाच्या अभियंत्यांस करावी लागते. दिवसाची वीज आलेल्या गावांनी पाळीची गरज संपली असे न मानता, पाळी आता शक्य झाली असे मानावे.

येथपर्यंत गावाच्या हातातील गोष्टी झाल्या. वितरण करणाऱ्यांच्या हातात याहून पुष्कळ अधिक आहे, आणि त्यांच्याकडे साधनेही मोठी आहेत. आपल्याकडे १९६० साली विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, फ्रान्समधील कार्पांतिए यांनी विजेच्या जाळ्यातील सर्व प्रवाह, सर्व दाब आणि सर्व मर्यादा एकाच गणितात बांधून सर्वांत किफायतशीर मार्ग शोधण्याची मांडणी केली. तिला इष्टतम शक्तिप्रवाह म्हणतात. तेव्हा ते गणित सोडविण्यास यंत्रे अपुरी पडत. आज ती उणीव नाही. गावोगावच्या वाहिन्यांच्या उपयोगाचा आणखी एक शोध आहे. वितरणाच्या जाळ्यात काही जोडतारा जाणूनबुजून उघड्या ठेविलेल्या असतात, म्हणजे एक वाहिनी बंद पडली तर दुसरीवरून वीज फिरविता येते. यांपैकी कोणत्या उघड्या ठेवावयाच्या आणि कोणत्या जोडावयाच्या, याच्या निवडीवरच गळती बरीच अवलंबून असते. १९८९ साली बारान आणि वू यांनी अभ्यासासाठी ३३ बिंदूंची एक नमुना वाहिनी मांडली. तिच्यावरील भार ३,७१५ किलोवॅट आणि मूळ जोडणीत गळती सुमारे २०३ किलोवॅट. पुढे अनेक अभ्यासकांनी तीच वाहिनी सोडविली, आणि केवळ पाच जागांची उघडझाप बदलून गळती सुमारे १४० किलोवॅटवर येते, असे दिसून आले. भार तोच, तारा त्याच. पाटाची दारे कोठे उघडावी आणि कोठे पाडावी, हे जाणणाऱ्या पाटकऱ्याचीच ही विद्या. फरक एवढाच की येथे दारे लावण्याचे पन्नास हजारांहून अधिक प्रकार संभवतात आणि ते मनात धरून निवडता येत नाहीत.

मग हे आपल्याकडे सर्वत्र का होत नाही? पुष्कळ कारणे असतील. मला शेतीच्या बाजूने जे दिसते, ते सांगतो. गणितास खरे आकडे लागतात. कागदावर तीन अश्वशक्तीचा असलेला पंप विहिरीवर पाच किंवा साडेसातचा असतो. कित्येक पंपांस मीटर नाही. कोठे आकडा टाकलेला असतो. दुसऱ्या बाजूने, कोणता पंप कोणत्या डीपीवर आहे याची यादी वर्षानुवर्षे न तपासलेली असते. बंद पडलेल्या विहिरींची नावे तीत असतात आणि नव्या जोडण्यांची नसतात. अशा आकड्यांवर जगातील उत्तम गणित केले तरी उत्तर चुकणारच. आम्ही मातीची परीक्षा करावयास सांगतो आणि शेतकऱ्याने बांधावरची माती पिशवीत भरून दिली तर खताची शिफारस चुकते. तसाच हा प्रकार आहे.

म्हणून शेतकरी बंधूंस माझी विनंती आहे की पंपाची खरी अश्वशक्ती सांगण्यास भिऊ नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस २०२४ पासून राज्यात मोफत विजेची योजना आहे. बिल शून्य आले म्हणजे नुकसान शून्य झाले, असा समज यातून पसरू पाहत आहे. आणि वीज फुकट आहे तर गळतीचा विचार आम्ही का करावा, असा प्रश्न मला सभेत विचारण्यात आला. गळतीची किंमत बिलात दिसत नसेल, ती मोटार भरण्याच्या पावतीत दिसते, चुकलेल्या पाळीत दिसते.

आणि हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे की पाळी लावल्याने वितरणाची जबाबदारी संपत नाही. वरच्या उदाहरणात पाळी आणि कपॅसिटर दोन्ही करूनही टोकाचा दाब ३८० च्या आत-बाहेरच राहतो, ३९० होत नाही. कारण एक किलोमीटरची कमी दाबाची तार हीच मुळात चूक आहे. तीच वीज ११,००० व्होल्टच्या दाबाने टोकापर्यंत नेली तर प्रवाह सव्वीस पटींहून अधिक कमी होतो आणि त्याच तारेतील गळती सुमारे सातशेवा हिस्सा होते. एक-दोन शेतकऱ्यांस एक लहान रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली २०१८ पासून आपल्या राज्यात नव्या पंपांसाठी अवलंबिण्यात आली, ती याच कारणाने. जुन्या लांब तारांवरील शेतकऱ्यांनी तीच मागणी करावी. परंतु ती करताना हाती आकडे असावेत. “आमच्याकडे दाब कमी आहे” या अर्जाला जे उत्तर मिळते, ते सर्वांस ठाऊक आहे. “अमुक खांबापाशी, तीनच पंप चालू असताना, दुपारी बारा वाजता ३७० व्होल्ट होते” असा अर्ज सहजासहजी बाजूस सारता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपैकी काही जण म्हणतील की हे आमचे काम नव्हे. मीही तसेच समजत होतो. मात्र ठिबक संचाची शिफारस आपण करतो, आणि वरच्या हिशेबात तिचे स्थान पाहा. पंपाची गरज चार तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली, तर जी दोन-दोन पंपांची पाळी आठ तासांत बसत नव्हती ती बरोबर बसते. आणि प्रत्येकाचा कपॅसिटर असेल तर टोकाला ३९० व्होल्ट मिळतात. पाण्याची बचत आणि विजेचा दाब या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी राहत नाहीत. ज्या विहिरींस झरा कमी आहे, तेथे तर सलग आठ तास उपसा होतच नाही. चार तास उपसून चार तास विहीर भरू द्यावी लागते. अशा शेतकऱ्यास पाळीमुळे काहीच गमवावे लागत नाही, हे त्याच्याशी बोलूनच कळते, कोणत्याही संगणकास ते ठाऊक नसते.

यासाठी लागते ते थोडे आहे. एक मोठा कागद, डीपीपासून निघणाऱ्या तारा, खांबांची संख्या, प्रत्येक पंपाची खरी अश्वशक्ती, विहीर की विंधन विहीर, किती तास उपसा होतो, कोणते पीक आणि ठिबक आहे की नाही. खांबांमधील अंतर पावलांनी मोजले तरी चालते. एका डीपीस एक सकाळ पुरते. दाब मोजण्याचे काम वायरमनच्या हातूनच व्हावे. त्यास बरोबर घेतल्यास तो आनंदाने येतो असा माझा अनुभव आहे, कारण जळालेल्या डीपीचा पहिला शिव्याशाप त्यालाच ऐकावा लागतो. त्या कागदाची एक प्रत गावात राहावी आणि एक वितरणाच्या शाखा कार्यालयात द्यावी.

हे काम पाऊस उघडल्यावर आणि रब्बीच्या पेरण्यांपूर्वी, म्हणजे साधारण आश्विनात करावे. त्या सुमारास पंप बंद असतात, लोकांस सवड असते आणि गेल्या हंगामात कोणाची मोटार जळली होती, ते सर्वांच्या ध्यानात असते. कार्तिकात एकदा पंप सुरू झाले की मग कोणी ऐकून घेत नाही. माझ्या मंडळातील चार डीपींचे कागद तयार आहेत. ज्या टोकाच्या शेतकऱ्यापासून याचा आरंभ झाला, त्याच्या वाहिनीस अद्याप दिवसाची वीज मिळालेली नाही. त्याने जोड्यांचा तो जुना कागद घराच्या भिंतीवर लावून ठेविला आहे.